उदास मनासाठी ‘फुल बॉडी चेकअप’: इंदूरच्या पॅकेजांचे परीक्षण

इंदूरच्या मराठी घरात कुणाचे मन लागेनासे झाले, जेवण तुटले, रात्री तीनला डोळे उघडू लागले, की पहिला फोन मानसोपचारतज्ज्ञाला जात नाही, लॅबला जातो. “एकदा सगळं तपासून घेऊ” असे ठरते. सकाळी सातच्या आत सॅम्पल घेणारा भैया दारात येतो आणि संध्याकाळपर्यंत दहा-बारा पानांची पीडीएफ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते. राजेंद्रनगर असो, सुदामानगर असो की पलासिया, पॅकेज घरपोच आहे. हे परीक्षण एकाच प्रश्नापुरते आहे: ज्याला उदास वाटते, थकवा जात नाही, झोप लागत नाही, त्याच्या हाती या पॅकेजमधून काय लागते? कुठल्या एका लॅबचे हे परीक्षण नाही. पॅकेजांची नावे आकर्षक आणि वेगवेगळी असली तरी आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. रक्त तपासणे चूक नाही. डिप्रेशनचे निदान करताना ही लक्षणे थायरॉइडमुळे, एखाद्या औषधामुळे किंवा दारूमुळे तर नाहीत ना, हे पाहणे निदानाच्या निकषांतच धरलेले आहे. पण पॅकेजमधल्या सत्तर-ऐंशी आकड्यांपैकी या कामाचे पाच-सहाच असतात, आणि जे हवे असतात त्यांतले दोन-तीन बहुधा नसतातच. सर्वांत उपयोगी तपासणी कागद-पेनाने होते, तिला पैसे पडत नाहीत, आणि ती कुठल्याच पॅकेजमध्ये नाही.

आधी तो ‘८० टेस्ट’चा आकडा पाहू. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, ही एका नळीतून, एका यंत्रावर होणारी एक तपासणी. तिचे वीसेक आकडे वीस टेस्ट म्हणून मोजले जातात. लघवीचे पंधरा, लिव्हरचे दहा-अकरा, कोलेस्टेरॉलमधली दोन-तीन गुणोत्तरे तर नुसता भागाकार करून काढलेली. आता यातली खरी अडचण. ‘नॉर्मल’ म्हणून छापलेली मर्यादा बहुधा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के लोक त्यात बसतील अशी आखलेली असते. म्हणजे निरोगी माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता दर टेस्टमागे ५ टक्के. वीस टेस्ट एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर निदान एक तरी ठळक अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के होते. ज्याला आधीच वाईट शंका येत आहेत, त्याच्या हातात लाल बाणांची अशी पाने देणे फार शहाणपणाचे नाही. पुढचे दोन आठवडे तो एमपीव्ही आणि ग्लोब्युलिनचे अर्थ मोबाइलवर शोधत बसतो, आणि झोपेचे दुखणे तिथेच राहते.

थायरॉइडपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांचा भरवसा त्यावरच असतो. पॅकेजमध्ये टी३, टी४ (थायरॉइडची स्वतःची संप्रेरके) आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक, थायरॉइड मंदावले की ते वाढते) हे त्रिकूट मिळते. पहिली चाळणी म्हणून एकटे टीएसएच पुरते. ते बिघडलेले आले तर फ्री टी४ (रक्तात मोकळे असलेले टी४) लागते, आणि नेमके तेच स्वस्त पॅकेजमध्ये नसते. टीएसएच १० च्या वर आणि फ्री टी४ कमी असेल तर थायरॉइड खरोखर मंदावलेले आहे. अशा माणसाला सुस्ती, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, थंडी सहन न होणे आणि मरगळ हे सगळे एकत्र दिसू शकते, आणि गोळीने फरकही पडतो. घोळ होतो तो साडेचार ते दहाच्या पट्ट्यात. इथे टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे असते, कारण बऱ्याच जणांचे ते आपोआप खाली येते. एवढ्याशा वाढीने गंभीर उदासीचा उलगडा सहसा होत नाही आणि गोळी घेऊन मनही सहसा सुधारत नाही. पण घरात “थायरॉइड निघालं” म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला जातो. सांगायला सोपे, नातेवाइकांना पटणारे, लग्न जुळवतानाही फारसे न अडणारे कारण सापडलेले असते. पुढचे सहा महिने टीएसएच ६.२ वरून ३.८ वर आणण्यात जातात आणि डिप्रेशन उपचाराविना तसेच राहते.

हा आकडा चुकण्याची कारणेही घरातच असतात. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळ्यांत बायोटिन असते, अनेकदा ५ ते १० मिलिग्रॅम. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटेच कमी आणि टी४ खोटेच जास्त दिसते. अशी गोळी निदान दोन-तीन दिवस आधी बंद ठेवून मग रक्त द्यावे. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी असते, म्हणून दुसरी तपासणी पहिल्याच वेळेला करावी. पीथमपूरला तीन पाळ्यांत काम करणाऱ्याने रात्रपाळीहून आल्या-आल्या दिलेल्या नमुन्याची तुलना सुट्टीच्या आठवड्यातल्या नमुन्याशी करू नये. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशीची रक्त दिल्यानंतर घ्यावी. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइड आधी वेगवान आणि मग मंद होण्याचा एक प्रकार असतो. त्या काळातली चिडचिड, रडू आणि थकवा “बाळाने झोपू दिलं नाही” यावर ढकलण्याआधी टीएसएच जरूर पाहावे, आणि त्याच्या जोडीला बाळंतिणीसाठीची एडिनबरोची दहा प्रश्नांची मोफत प्रश्नावलीही भरून घ्यावी.

बी-१२ या शहरात खरोखर महत्त्वाचे आहे. शाकाहारी घर, दूध मुख्यतः चहापुरते, दही उन्हाळ्यात, म्हणजे आवक मुळात कमी. त्यावर मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन आणि ‘ॲसिडिटी’साठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल. दोन्ही औषधांनी बी-१२ चे शोषण घटते. कमतरतेत पायाला मुंग्या, तळव्यांची आग, विसराळूपणा, चिडकेपणा आणि मरगळ दिसू शकते. रक्तक्षय नसतानाही हे होते, म्हणून हिमोग्लोबिन चांगले आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा, तिथे होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारा घटक) तपासले तर चित्र स्पष्ट होते. सर्रास होणारी चूक अशी: थकवा आला म्हणून औषधाच्या दुकानातून मल्टिव्हिटॅमिनची पट्टी आणायची, ती अर्धी संपली की तपासणी करायची. मग आकडा भरघोस येतो आणि मूळ स्थिती कधीच कळत नाही. आधी रक्त, मग कॅप्सूल. नुसते फोलिक ॲसिडही घेऊ नये. त्याने रक्ताचे चित्र सुधारते, पण बी-१२ अभावी नसांचे होणारे नुकसान चालूच राहते.

लोहाच्या बाबतीत पॅकेज सरळ कमी पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन स्त्रीचे १२ आणि पुरुषाचे १३ च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात, पण लोहाचा साठा त्याच्या कितीतरी आधी आटतो आणि थकवा, धाप, पायांची बेचैनी व कामात लक्ष न लागणे तेव्हाच सुरू होऊ शकते. साठा दाखवते ती टेस्ट फेरिटिन. पॅकेजमध्ये असते ‘सिरम आयर्न’ (रक्तात फिरणारे लोह) आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची क्षमता). सिरम आयर्न दिवसात वरखाली होते, आणि आदल्या दिवशीच्या गोळीनेही बदलते. फेरिटिन वेगळे पैसे भरून सांगावे लागते, आणि ते सांगावेच. ३० च्या खाली असेल तर साठा रिता आहे असे बहुतेक डॉक्टर धरतात. मात्र ताप किंवा संसर्ग असताना ते खोटेच वाढते, म्हणून बरे झाल्यावर दोन आठवड्यांनी द्यावे.

सीबीसीतही एक छुपा सापळा आहे. बी-१२ कमी असले की लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी असले की लहान. दोन्ही कमी असेल तर सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, अगदी नॉर्मल येतो आणि रिपोर्ट चांगला वाटतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू हा लाल पेशींच्या आकारातला फरक दाखवणारा आकडा वाढलेला दिसतो. इंदूरच्या शाकाहारी, मासिक पाळी सुरू असलेल्या स्त्रीच्या रिपोर्टमध्ये हे जरूर पाहावे. आणि नाश्त्याचे बोलायचे तर पोह्यांवर लिंबू पिळतात ते फार बरोबर, क जीवनसत्त्वाने लोह शोषले जाते. पण लगेच हातात चहाचा कट येतो आणि लिंबाची बरीच कमाई त्यात बुडते. चहा तासभर लांबवला तरी पुरे.

आता व्हिटॅमिन डी. जाहिरातीत हेच सर्वांत पुढे असते आणि मनाशी त्याचे नाते सर्वांत जास्त फुगवून सांगितले जाते. डिप्रेशन असलेल्यांत डी कमी आढळते हे खरे. पण घरात पडून राहणारा माणूस उन्हात जात नाही, म्हणूनही ते कमी असू शकते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत पन्नाशी ओलांडलेल्या १८ हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट डी सुमारे पाच वर्षे दिले. डिप्रेशनचे प्रमाण त्यामुळे घटले नाही. अंतःस्रावी तज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०२४ मध्ये निरोगी प्रौढांची डी तपासणी सरसकट करू नये असेच सांगितले. हाडे दुखत असतील, जिना चढताना मांड्यांत जोर नसेल, तर करावी. २० नॅनोग्रॅमच्या खाली आले तर उपचार घ्यावा. पण ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी साधारण आठ आठवड्यांसाठी असते, आणि पुढचा डोस डॉक्टर ठरवतात. चिठ्ठी जुनी दाखवून तीच पुडी वर्षभर घेणारे कमी नाहीत. अति झालेल्या डीने रक्तातले कॅल्शियम चढते, आणि त्याची लक्षणे म्हणजे तहान, बद्धकोष्ठ, भूक मरणे, गोंधळणे आणि उदासपणा. ज्यासाठी औषध सुरू केले तेच.

साखर तपासावी, कारण मधुमेह आणि डिप्रेशन एकमेकांना वाढवतात. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज) ६.५ पासून मधुमेह धरतात. लोह कमी असताना हा आकडा किंचित खोटा वाढतो, म्हणून ६.६ आणि फेरिटिन ८ असे एकत्र आले तर घाईने शिक्का मारू नये.

महागड्या पॅकेजांत ‘स्ट्रेस प्रोफाइल’ नावाची एक पुरवणी येते. सकाळचे एकवेळचे कॉर्टिसॉल माणसाचा ताण मोजत नाही. ती टेस्ट ॲड्रिनल ग्रंथींच्या आजारांसाठी आहे. रक्तातले सेरोटोनिनही मेंदूचे काही सांगत नाही, कारण शरीरातले बहुतेक सेरोटोनिन आतड्यात बनते आणि रक्तात ते प्लेटलेट्समध्ये साठलेले असते. ही पुरवणी सरळ नाकारावी.

उलट जे हवे ते सोडियम. विशेषतः साठीच्या पुढे, बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल आणि एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन यांसारखे डिप्रेशनचे औषध सुरू होणार असेल तर. या जोडीने सोडियम १३५ च्या खूप खाली घसरू शकते. मग आजी आणखी मलूल होतात, तोल जातो, बोलणे असंबद्ध होते, आणि घरच्यांना वाटते की डिप्रेशन वाढले किंवा औषध लागू पडत नाही. औषधाआधी एकदा आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा सोडियम पाहिले तर हे वेळीच लक्षात येते.

लिव्हर प्रोफाइलही एक गोष्ट सांगते, जी घरात कुणी विचारत नाही. यकृताच्या एन्झाइमांपैकी एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून जास्त, जीजीटी चढलेले आणि एमसीव्ही मोठा, असे तिन्ही एकत्र दिसले तर दारूचा प्रश्न विचारायलाच हवा. पुरुषांची उदासी पुष्कळदा चिडचिड आणि ‘रोजचे दोन पेग’ या वेषात येते. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते आणि दुसऱ्या दिवशीचे मन आणखी खाली जाते. दारू चालू असताना दिलेल्या औषधाचा अंदाजही नीट येत नाही.

नमुना कसा घेतला जातो

पॅकेजची सेवा इथे कमी-जास्त होते. साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी लागते. साध्या नळीत रक्त तसेच पडून राहिले तर पेशी साखर खातात आणि तासाला ५ ते ७ टक्के आकडा घसरतो. सीबीसी आणि एचबीए१सी जांभळ्या झाकणाच्या नळीत, टीएसएच, बी-१२, फेरिटिन पिवळ्या किंवा लाल झाकणाच्या. भैयाने एकाच नळीत सगळे भरले तर तिथेच विचारावे. मे महिन्यात चाळीसच्या वर तापलेल्या इंदुरात दुचाकीच्या पिशवीत बर्फाची पाकिटे आहेत का, आणि तुमच्यानंतर आणखी किती घरे आहेत, हे विचारायलाही संकोच नको. नमुना बिघडला तर पोटॅशियम खोटेच चढते आणि रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ (लाल पेशी फुटलेल्या) असा शेरा येतो. असा आकडा धरून घाबरू नये, नमुना पुन्हा द्यावा. एनएबीएलचे (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) चिन्ह पाहताना ते कलेक्शन सेंटरच्या पाटीवर आहे म्हणून समाधान मानू नये; ज्या लॅबमध्ये प्रत्यक्ष टेस्ट झाली तिची मान्यता रिपोर्टवर छापलेली असते.

उपाशीपोटाचा बाऊ फार होतो. टीएसएच, बी-१२, सीबीसी, एचबीए१सी यांना उपास लागत नाही. फक्त फास्टिंग साखरेला आठ तास हवेत, आणि पाणी चालते. उपाशी राहायचे म्हणून मानसोपचाराची गोळी चुकवणे हा त्यातला खरा तोटा. ती घेऊनच रक्त द्यावे. अपवाद लिथियमचा, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांवरच्या औषधाचा. त्याची पातळी आदल्या रात्रीच्या डोसानंतर बारा तासांनी, सकाळचा डोस घेण्याआधी मोजतात. ज्यांना लिथियम चालू आहे त्यांच्या घरी आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी: हरतालिकेचा निर्जळी उपास त्यांनी करू नये. शरीरातले पाणी घटले की लिथियम साचते आणि हात थरथरणे, उलट्या, तोल जाणे इथपर्यंत पाळी येते. सासूबाईंना हे सांगायला अवघड जात असेल तर डॉक्टरांनाच चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगावे. “पाणी पिऊन उपास” ही तडजोड बहुतेक घरांत चालून जाते. अंगदुखीसाठी घेतलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकनेही लिथियम चढते, हेही त्या चिठ्ठीत यावे.

पॅकेज जे विचारतच नाही

बुकिंगच्या फॉर्मवर नाव, वय, पत्ता आणि कूपन कोड असतो. झोपेबद्दल एक ओळ नसते. जोरात घोरणारा, दिवसा पेंगणारा, बीपी असलेला आणि मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर असलेला माणूस ‘डिप्रेशन’ म्हणून वर्षे काढतो आणि त्याला असतो झोपेत श्वास अडण्याचा आजार. तो रक्तात सापडत नाही, त्याला झोपेची तपासणी लागते. रात्रपाळी, स्टिरॉइड, फिट्ससाठीचे लेव्हेटिरासेटाम यांचाही मनावर परिणाम होतो, पण चालू औषधांची यादी कुणी मागत नाही. आणि रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात बारापर्यंत खाणे, एकला झोपणे, साडेसहाला मुलांचा डबा, हे ज्या शहराचे लाडके वेळापत्रक आहे तिथे ‘थकवा’ या तक्रारीची पहिली तपासणी घड्याळावर व्हायला हवी. उठण्याची वेळ एकच ठेवून, उठल्यावर अर्धा तास गच्चीवर उजेडात काढणे दोन आठवडे करून पाहावे. त्याला खर्च नाही, आणि झोपेचे चक्र बहुधा त्यानेच आधी सावरते. झोप कमी लागूनही कुणी भलताच उत्साही, बडबडा आणि खर्चिक झाला असेल तर मात्र प्रयोग नकोत. ते थेट मानसोपचारतज्ज्ञाला सांगावे.

आहाराच्या सल्ल्याचे पान अनेक लॅब रिपोर्टला जोडतात. ते सरसकट छापील असते. ऑस्ट्रेलियात २०१७ साली ६७ डिप्रेशनग्रस्तांवर झालेल्या चाचणीत डाळी, भाज्या, सुकामेवा आणि मासे यांवर भर देणाऱ्या आहाराने बारा आठवड्यांत ३२ टक्के लोक लक्षणमुक्त झाले. नुसती सोबत मिळालेल्या गटात ८ टक्के. चाचणी लहान होती आणि बहुतेकांचे इतर उपचार चालू होते, त्यामुळे फार मोठे दावे नकोत. पण सकाळी जिलबी, दुपारी शेव आणि रात्री पुन्हा शेव यापेक्षा वाटीभर घट्ट वरण, उसळ आणि मूठभर दाणे हा बदल कुणालाही झेपेल.

आता ती फुकटची तपासणी. पीएचक्यू-९ म्हणजे गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र. मराठीत आणि हिंदीत मिळते, वापरायला परवानगी लागत नाही, पाच मिनिटे पुरतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. तिची मर्यादाही समजून घ्यावी: झोप, थकवा, भूक आणि हालचालींचा वेग हे चार प्रश्न शरीराचेच आहेत. थायरॉइड मंदावलेला किंवा रक्त कमी असलेला माणूस नुसत्या या चार प्रश्नांवर बारा गुण जमवू शकतो. म्हणून पहिले दोन प्रश्न, कशात रस न वाटणे आणि मन खिन्न असणे, वेगळे पाहावेत. त्यांचीच बेरीज ३ किंवा जास्त असेल तर रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टर गाठावा. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांना, शून्याखेरीज काहीही उत्तर आले तर एकूण बेरजेकडे न पाहता त्याच दिवशी बोलावे. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, भाषा निवडता येते आणि त्यात मराठीही आहे. त्या माणसाला एकटे सोडू नये. हातून काही होईल अशी भीती वाटली तर सरळ एमवाय या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठावी.

कागद एकट्याने भरावा, ही सूचना क्षुल्लक वाटेल पण ती नाही. नवरा, सासू किंवा आई शेजारी बसलेली असली की सहावा प्रश्न, ‘आपण घरच्यांना खाली पाहायला लावले असे वाटते का’, याला हमखास शून्य पडते. जुन्या पिढीतल्या बायका “मन उदास आहे” असे सहसा म्हणत नाहीत. छातीत धडधड, डोके जड, अंग मोडून येणे, गॅस वर चढणे असे सांगतात. हा बहाणा नाही, डिप्रेशन खरोखर अंगात जाणवते. पण तक्रार अशी मांडली की ईसीजी, एन्डोस्कोपी आणि पॅकेज या वाटेने घर फिरत राहते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशासह बारा राज्ये होती. डिप्रेशन असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना आढळले. यातल्या किती जणांच्या कपाटात नॉर्मल रिपोर्टांची फाइल असेल, याची कल्पना करता येते.

गोपनीयतेचा गुण मात्र पॅकेजला कमीच द्यावा लागेल. बुकिंग ज्याच्या मोबाइलवरून, रिपोर्ट त्याच्याकडे. सुनेच्या लिथियमची पातळी सासऱ्यांच्या फोनवर येऊ नये असे वाटत असेल तर स्वतःच्या क्रमांकावरून वेगळे बुकिंग करावे. कौटुंबिक सवलतीत वाचणारे दोनशे रुपये त्यापुढे काही नाहीत.

मग विकत काय घ्यावे? उदासी आणि थकवा यांसाठी सीबीसी, टीएसएच, बी-१२, फेरिटिन, एचबीए१सी, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि लिव्हर, एवढे सुटे सांगावे. कधी कधी गंमत अशी होते की सुट्यांची बेरीज मोठ्या पॅकेजपेक्षा जास्त भरते, कारण पॅकेजवर सवलत असते आणि सुट्यावर नसते. तसे असेल तर पॅकेज घ्या, फेरिटिन जोडून घ्या, आणि डॉक्टरांना दाखवण्याआधी बाकीची पाने उघडू नका. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना प्रतिबंधक तपासणीवर ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, त्यामुळे मार्चमध्ये पॅकेजांचा पूर येतो. ज्याला नोव्हेंबरात बरे वाटत नाही त्याने मार्चची वाट पाहू नये.

रिपोर्ट घेऊन आधी फॅमिली डॉक्टर किंवा एमडी, आणि पीएचक्यू १० च्या पुढे असेल तर सोबतच मानसोपचारतज्ज्ञ. रक्त सुधारेपर्यंत थांबायचे नाही, दोन्ही उपचार एकाच वेळी चालतात. खासगी फी जड वाटत असेल तर एमवाय रुग्णालय आणि बाणगंगेचे मानसिक रुग्णालय यांची ओपीडी आहे. जाताना पीडीएफ, चालू औषधांच्या पट्ट्या आणि तारीख घातलेला पीएचक्यूचा कागद न्यावा. डिप्रेशनच्या औषधाचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता अंदाज यायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून पीएचक्यू दर दोन आठवड्यांनी त्याच कागदावर पुढच्या रकान्यात भरावा. लोहाची गोळी सुरू झाली असेल तर हिमोग्लोबिन महिन्याने आणि फेरिटिन तीन महिन्यांनी पाहावे. टीएसएच थायरॉइडचा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी नको. बाकीचे पॅकेज पुन्हा करण्याचे कारण डॉक्टरांनी सांगितले तरच.